उघड्या तोफा आणि मधला माणूस

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्री उभा आहे आणि तो उतरून गेल्यावर कोकण लागतं. तरीही सोळाव्या शतकात, नगर ही राजधानी होती तेव्हा, इथल्या निजामशहाचा अंमल अरबी समुद्रापर्यंत होता. आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल हे त्याचं बंदर. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे तिथे उतरत, घाट चढून देशावर येत आणि नगरच्या फौजेत दाखल होत. या बंदराच्या तोंडाशी मार्च १५०८ मध्ये जे घडलं, ते टीव्हीवरच्या विज्ञानकथांनी पुढे वेगवेगळ्या वेशांत अनेकदा रंगवलं. दोन शस्त्रसज्ज आरमारं समोरासमोर येतात. समोरचं जहाज कुणाचं, ते कशासाठी आलंय, तोफ डागायची की थांबायचं, हे ठरवायला हाताशी फार थोडा वेळ असतो.

आधी पडद्यावरचं दृश्य पाहू.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली आणि मराठी घरांतल्या एका पिढीला कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक ओळखीचे झाले. याच काळाच्या शेवटी ‘स्पेस सिटी सिग्मा’ ही आपली हिंदी मालिका आली. १९९८ मध्ये केतन मेहता यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, पण त्यातले खलनायक मुख्यतः तुरुंगातून पळालेले गुन्हेगार होते. परक्या प्रजातीशी होणारी पहिली भेट, तिच्यातला ताण आणि तिच्यातली समजुतीची गफलत या विषयाला हात घातला तो ‘स्टार ट्रेक’ने, आणि तोही पहिल्याच वर्षात.

नोव्हेंबर १९६६ मध्ये दाखवलेल्या ‘द कॉर्बोमाइट मॅन्यूव्हर’ या भागात कर्कच्या ‘एन्टरप्राइज’ यानासमोर एक अवाढव्य यान येऊन उभं राहतं. त्याचा कप्तान बेलॉक भीतिदायक चेहऱ्याने पडद्यावर दिसतो आणि तुम्हाला आता नष्ट करण्यात येईल, असं जाहीर करतो. कर्ककडे त्याला तोंड देण्याइतकी शस्त्रं नाहीत. तो थाप मारतो. आमच्या यानात कॉर्बोमाइट नावाचा पदार्थ आहे, हल्ला केलात तर तो तुमच्यावरच उलटेल, असं सांगतो. असा पदार्थ अस्तित्वातच नाही. पण समोरचा थांबतो. अखेरीस उघड होतं की तो भयानक चेहरा म्हणजे बाहुली होती, खरा बेलॉक लहान मुलासारखा दिसतो आणि त्याला या पाहुण्यांची नियत तपासून पाहायची होती. शेवटी सगळे मिळून पेय पितात, आणि एन्टरप्राइजवरचा एक तरुण अधिकारी बेलॉककडे राहायला तयार होतो. दोघांना एकमेकांच्या संस्कृतीची ओळख व्हावी म्हणून. हा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. यान वाचलं ते थापेमुळे, पण भेट पुढे टिकणार ती मागे राहिलेल्या त्या माणसामुळे.

डिसेंबर १९६६ मधला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग याहून गंभीर आहे. पृथ्वीवासीयांचं रोम्युलन नावाच्या प्रजातीशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं असतं, पण त्या अख्ख्या युद्धात कुणीही कुणाचा चेहरा पाहिलेला नसतो. आता एक अदृश्य होऊ शकणारं रोम्युलन यान सीमा ओलांडून येतं आणि दोन कप्तान एकमेकांचा माग काढत राहतात. ही गोष्ट पाणबुडी आणि विनाशिकेच्या झुंजीवरून घेतलेली आहे. १९५७ चा ‘द एनिमी बिलो’ हा युद्धपट तिच्या पाठीशी आहे. मूळ कल्पनाच समुद्रावरची. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी कर्क घडवताना सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतला आरमारी कप्तान हॉर्नब्लोअर डोळ्यांपुढे ठेवला होता. म्हणून या यानांवर कॅप्टन आहेत, लेफ्टनंट आहेत, डेक आहेत. अंतराळाच्या गोष्टी सांगताना लेखकांनी समुद्राचा अनुभव वापरला, कारण अनोळखी माणसांची गाठ शस्त्रांसकट आणि मदतीपासून दूर पडते, असा दुसरा अनुभव माणसाच्या गाठीशी नव्हता. मराठी वाचकाने हा अनुभव शोधायला इंग्लंडच्या आरमाराकडे जायची गरज नाही. तो आपल्या किनाऱ्यावर आहे.

पोर्तुगीज १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामाबरोबर कालिकतला आले. गामाने आधी किनाऱ्यावर पाठवला तो शिक्षा झालेला एक कैदी. परक्या मुलखात पहिलं पाऊल टाकताना जीव गेलाच तर त्याचा जावा, असा हिशेब. या माणसाला किनाऱ्यावर भेटले ट्युनिसचे दोन व्यापारी आणि त्यांना स्पेनची आणि जिनोवाची भाषा येत होती. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या या लोकांचं पहिलं संभाषण झालं ते अशा तिसऱ्याच माणसांशी. पुढे गामाची मंडळी एका देवळात गेली आणि हे ख्रिस्ती चर्चच आहे, अशी त्यांची समजूत झाली. भिंतीवरच्या मूर्तींना त्यांनी संत मानलं. कालिकतच्या सामुतिरी राजासाठी त्यांनी आणलेल्या भेटी होत्या कापड, टोप्या, पोवळी, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. इतक्या श्रीमंत बंदराच्या राजाला असला नजराणा द्यायचा, हे पाहून दरबारी हसले. दोन्ही बाजूंना एकमेकांची किंमत कळलेली नव्हती. विज्ञानकथेचा लेखक इतक्या गफलती एका भागात घालायला धजावला नसता.

दहा वर्षांनी चौलला काय झालं? पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो आपली जहाजं घेऊन तिथे नांगर टाकून होता. कोचीनच्या व्यापारी जहाजांना संरक्षण देणं हे त्याचं काम. इजिप्तच्या ममलुक सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली तांबड्या समुद्रातून एक आरमार पाठवलं होतं आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा अधिकारी मलिक अयाज त्याला येऊन मिळाला होता. हे आरमार चौलच्या खाडीकडे येताना दिसलं तेव्हा पोर्तुगीजांना वाटलं, ही आपलीच जहाजं. अफोन्सो द अल्बुकर्क या आपल्या सेनानीच्या जहाजांची वाट पाहत होते ते. येणाऱ्या जहाजांची बांधणी युरोपीय धाटणीची होती, त्यामुळे संशय आला नाही. पोर्तुगीज इतिहासकारांनीच हे नोंदवून ठेवलंय. संशय आला तोवर उशीर झाला होता.

तीन दिवस लढाई चालली. शेवटी निघून जायचं ठरलं, तर लोरेन्सोच्या जहाजाच्या तळाला गोळा लागून पाणी आत भरू लागलेलं होतं. जहाज वाहत जाऊन खाडीत कोळ्यांनी जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांवर अडकलं. पायाला गोळा लागल्यावरही लोरेन्सो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला आणि तिथेच मारला गेला. या लढाईतले लढणारे सगळे बाहेरचे. इजिप्तचे, गुजरातचे, पोर्तुगालचे. बंदर निजामशहाचं आणि खुंट चौलच्या कोळ्यांचे. तोफांनी जे साधलं नाही ते कुणाच्याही हिशेबात नसलेल्या या लाकडी खुंटांनी केलं. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावं राहतात, कोळ्यांची नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

या लढाईनंतरची एक गोष्ट मला लढाईपेक्षा मोठी वाटते. मलिक अयाज हा गुलाम म्हणून परमुलखातून गुजरातेत आलेला माणूस. त्याने हाती आलेल्या पोर्तुगीज कैद्यांना नीट वागवलं आणि लोरेन्सोच्या बापाला, म्हणजे शत्रूच्या व्हाइसरॉयलाच, मुलाच्या शौर्याची तारीफ करणारं पत्र लिहिलं. बापाने त्याचं उत्तर शस्त्रांनीच दिलं. डिसेंबर १५०८ मध्ये त्याने दाभोळ जाळून टाकलं. दाभोळ आदिलशाहीतलं होतं आणि चौलच्या लढाईशी त्याचा संबंध नव्हता. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवला त्याने इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांचा धुव्वा उडवला. पण दीव शहर मात्र उद्ध्वस्त झालं नाही. अयाजने कैदी परत केले आणि तह करून शहर वाचवलं. शत्रूशी बोलण्याचा एक रस्ता त्याने पत्राने आधीच उघडा ठेवला होता.

आता ‘बॅबिलॉन ५’ कडे वळू. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांची ही मालिका १९९३ मध्ये एका लांब प्रास्ताविक भागाने सुरू झाली आणि १९९८ पर्यंत चालली. तिच्या गाभ्याशी एक युद्ध आहे, पृथ्वी आणि मिनबारी या प्रजातीमधलं. ते कसं सुरू झालं, हे तिच्यावरच्या ‘इन द बिगिनिंग’ या १९९८ च्या टीव्हीपटात सविस्तर येतं. मिनबारींचा एक ताफा पृथ्वीच्या यानांना भेटतो. त्यांच्या रीतीप्रमाणे ते तोफांचे झरोके उघडे ठेवून येतात. हा त्यांचा आदर असतो. आमची ताकद बघा, आम्ही काही लपवत नाही, असा त्याचा अर्थ. पृथ्वीच्या कप्तानाला फक्त उघड्या तोफा दिसतात. मिनबारींच्या शोधकिरणांनी त्याच्या यानाची पळून जायची यंत्रणाही बंद पाडलेली असते. तो गोळीबार करतो. मिनबारींचा पूज्य नेता डुकाट त्यात मरतो आणि मानवजात नष्ट होण्याच्या कडेला जाऊन पोहोचते. या लोकांच्या वाटेला जाऊ नका, असा इशारा पृथ्वीवाल्यांना सेन्टॉरी नावाच्या तिसऱ्या प्रजातीने आधी दिलेला असतो. तो कुणी मनावर घेत नाही.

तोफांचा हा आदर कल्पित आहे, पण पूर्णपणे हवेतला नाही. समुद्रावर तोफांची सलामी देण्याची पद्धत याच घरातली. गोळा न घालता तोफ उडवून रिकामी करायची, म्हणजे समोरच्याला कळतं की आता आपल्याकडे भरलेली तोफ नाही. ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याला ऐकू येतो तो फक्त धडाका. स्ट्राझिन्स्की यांनी ही जुनी अडचण उलटी करून मांडली, आणि म्हणून तो प्रसंग खोटा वाटत नाही. टीव्हीवरच्या विज्ञानकथेत पहिल्या भेटीचे जे प्रसंग लिहिले गेले त्यांतला हा मला सर्वांत चांगला वाटतो. यात दुष्ट कुणीच नाही.

आता नगरकडे परत. चौलच्या लढाईच्या सुमारास नगरच्या गादीवर बुऱ्हाण निजामशहा पहिला हा लहान मुलगा आला आणि १५५३ पर्यंत त्याने राज्य केलं. पोर्तुगीजांना हाकलून लावण्याइतकं आरमार त्याच्यापाशी नव्हतं आणि घोडे तर समुद्रातूनच येणार होते. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना नसेल तर जहाज लुटलं जाई. तेव्हा त्याने व्यवहार पाहिला. १५२१ मध्ये पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला. आज रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये त्या पोर्तुगीज शहराची पडकी तटबंदी, चर्चच्या भिंती दिसतात. या पडझडीत उभं राहिलं की कळतं, हा परका पाहुणा दोन दिवस राहून जाणारा नव्हता.

पण बुऱ्हाणच्या कारकिर्दीतली माझी आवडती गोष्ट किल्ल्याची नाही, एका वैद्याची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ मध्ये गोव्याला आला. त्याची कीर्ती नगरपर्यंत पोहोचली आणि निजामशहाच्या इलाजासाठी त्याला दरबारात बोलावणं आलं. नगरच्या दरबारात तेव्हा इराणी, तुर्क, हबशी, दख्खनी असे सगळे होते. शाह ताहिर हा इराणी विद्वान बुऱ्हाणचा सल्लागार होता. तिथे हकीम होते, त्यांच्यापाशी अरबी वैद्यकाचं ज्ञान होतं. ओर्ताने लिहून ठेवलंय की राजाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने राजाला लॅटिन नावं. तोफांच्या जोरावर किनारा धरून बसलेल्या राष्ट्राचा एक माणूस आणि त्या किनाऱ्याचा मालक, दोघे बसून औषधांची नावं एकमेकांना सांगताहेत. ओर्ताचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या सर्वांत आधीच्या पुस्तकांपैकी ते एक. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचे संवाद असं त्याचं स्वरूप आहे आणि निजामशहा व त्याचे हकीम त्यात जागोजागी येतात. आंबा, नारळ, पटकीची लक्षणं, इथल्या वैद्यांचे उपाय, सगळं त्यात आहे. युरोपला आपल्याकडच्या वनस्पतींची जी विश्वासार्ह ओळख झाली तिच्यात नगरच्या दरबारातल्या या गप्पांचा वाटा आहे. नगरच्या शाळांत हे शिकवायला हवं.

या ओर्ताचं पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. तो ज्यूंच्या कुळातला होता. त्याचं घराणं जबरदस्तीने ख्रिस्ती झालेलं होतं, आणि तो मनातून जुना धर्म पाळत असल्याचा संशय धर्मसत्तेला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळलं. १५८० मध्ये ओर्ताच्याही अस्थी उकरून जाळण्यात आल्या. जो माणूस दोन जगांत वावरू शकतो, त्याच्यावर स्वतःच्या लोकांचा भरवसा राहत नाही.

‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये नेमकं हेच आहे. रोम्युलन यानाच्या आतलं दृश्य पहिल्यांदा दिसतं आणि त्यांचा कप्तान स्पॉकसारखाच निघतो. तेच टोकदार कान, तीच भुवयांची ठेवण. क्षणात एन्टरप्राइजवरचा स्टाइल्स नावाचा अधिकारी स्पॉककडे संशयाने बघू लागतो. ज्याच्या पूर्वजांना त्या युद्धात मरण आलं, त्याला आपल्याच यानावरचा सर्वांत शहाणा माणूस हेर वाटतो. शेवटी स्पॉकच त्याचा जीव वाचवतो. ‘बॅबिलॉन ५’ मधली डेलेन तर युद्ध सुरू करणाऱ्या मतांत निर्णायक मत देणारी मिनबारी आहे. पुढे ती स्वतःचं रूप बदलून अर्धी मानव होते. तिच्यावर मिनबारींचाही विश्वास उरत नाही आणि माणसांचाही पटकन बसत नाही. या मालिकांच्या लेखकांना परक्यांशी भेट या विषयातलं मर्म इथे सापडलं आहे. दोन जहाजांच्या भेटीचं भवितव्य ठरतं ते दोन्हीकडे पाय असलेल्या माणसावर, आणि त्याची किंमत तोच मोजतो.

म्हणून ‘स्टार ट्रेक’मधल्या एका सोयीवर माझा आक्षेप आहे. तिथे कुठल्याही प्रजातीची भाषा आपोआप इंग्रजी करणारं यंत्र आहे. पन्नास मिनिटांत गोष्ट संपवायची तर ते लागतं, हे कबूल. पण त्या यंत्राने मधला माणूस काढून टाकला आणि त्याबरोबर पहिल्या भेटीतली अर्धी गुंतागुंतही. सप्टेंबर १९९१ मध्ये दाखवलेला ‘डार्मॉक’ हा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा भाग या चुकीची भरपाई करतो. टामारियन नावाच्या प्रजातीचे शब्द यंत्राला कळतात, अर्थ कळत नाही. कारण ते लोक सगळं आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांतून बोलतात. त्यांचा कप्तान युक्ती करतो. पृथ्वीच्या कप्तानाला घेऊन एका ग्रहावर उतरतो आणि तिथल्या राक्षसी प्राण्याशी दोघांना एकत्र लढायला लावतो, म्हणजे दोघांची मिळून एक सामायिक कथा तयार व्हावी. तो स्वतः त्यात मरतो, पण भाषा सापडते. मराठी प्रेक्षकाला हा भाग अवघड जाऊ नये. ‘कर्णासारखा मित्र’ किंवा ‘अभिमन्यू झाला’ म्हटल्यावर आपण पुढचं वाक्य न ऐकताच समजतो.

‘अरीना’ हा जानेवारी १९६७ चा भागही नगरच्या वाचकाने बघावा असा आहे. गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या प्रजातीने पृथ्वीवासीयांची एक वसाहत नष्ट केलेली असते. एक श्रेष्ठ शक्ती कर्कला आणि गॉर्नच्या कप्तानाला एका निर्जन ग्रहावर समोरासमोर उभं करते. कर्क तिथल्याच सामानातून गंधक, सोरा आणि कोळसा मिसळून दारू बनवतो, बांबूसारख्या नळीची तोफ करतो आणि हिऱ्यांचे गोळे वापरतो. मग शत्रू पडल्यावर त्याला मारायला नकार देतो, कारण ती वसाहत आपणच त्यांच्या हद्दीत वसवली असावी, ही शक्यता त्याला पटते.

तोफ नगरनेही ओतली, आणि कशी! १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने नगरला मलिक-ए-मैदान ओतली. सुमारे ५५ टनांची कांशाची तोफ, तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. आज ती विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. पोर्तुगीजांची तोफविद्या समुद्रातून येत होती तेव्हा दख्खनच्या सुलतानांनी तुर्कांकडची तोफविद्या घरात आणली. तीही आली ती परमुलखातून येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसांच्या हातांनी.

बोलणं संपलं की काय होतं, याचंही उदाहरण नगरच्याच इतिहासात आहे. १५७० मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. आदिलशहाने त्याच वेळी गोव्याला घातला होता. चार राज्यांनी मिळून तालिकोटला विजयनगर हरवल्याला पाचच वर्षं झाली होती आणि आता परदेशी माणसाला समुद्रात ढकलायचं, असा बेत होता. पोर्तुगीज लेखक निजामशाही फौजेचा आकडा लाखाच्या पुढे नेतात. महिनोन्‌महिने तोफा चालल्या. चौल पडलं नाही. समुद्राची वाट मोकळी होती आणि वेढ्यातल्यांना रसद येत राहिली. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी नगरला आला आणि निजामशाही दरबारात वाढला. तो सांगतो की निजामशाहीच्या काही सरदारांनी पोर्तुगीजांकडून नजराणे, विशेषतः दारू, घेऊन रसद आत जाऊ दिली. १५७१ मध्ये तह झाला आणि दोघेही पुन्हा व्यापाराला लागले.

या सगळ्याच्या आधीची एक भेट आहे आणि ती तोफांवाचून झाली. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा. तेव्हा निजामशाही नव्हती, बहामनी राज्य होतं. गोऱ्या माणसाला बघायला लोक मागे लागत, असं त्याने लिहून ठेवलंय. तो पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तिथल्या असद खान या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच घोडा मिळेल, असा दबाव आणला. एका खुरासानी माणसाने मध्ये पडून बोलणी केली आणि घोडा परत मिळवून दिला. निकितिनचा धर्मही राहिला आणि घोडाही. पहिल्या भेटीला काय लागतं, ते या छोट्या प्रसंगात सगळं आहे. हेच जुन्नर पुढे मलिक अहमदचं ठाणं झालं, ज्याने १४९० मध्ये निजामशाही उभारली आणि पुढे नगर वसवलं. रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे.

आणि खरोखरचे परग्रहवासी? जुन्नर तालुक्यात खोडदला, अहिल्यानगरच्या पारनेर तालुक्याच्या हद्दीपासून थोड्या अंतरावर, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. परग्रहावरच्या कुणी रेडिओ लहरी पाठवल्या तर त्या ऐकता येतील, अशी क्षमता असलेल्या जगातल्या मोजक्या दुर्बिणींत ती येते. मराठीत हा विषय जयंत नारळीकर यांनी ‘प्रेषित’ या कादंबरीत घेतला. परग्रहावरून संदेश आलाच तर काय करायचं, याची तत्त्वं शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये लिहून ठेवली आहेत. खात्री करा, जगाला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर देऊ नका. ती कायद्याने कुणावर बंधनकारक नाहीत. १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीवरून माणसाने स्वतःहून एक संदेश पाठवला तेव्हा तर अशी लेखी तत्त्वंही नव्हती. म्हणजे आपण झरोके आधीच उघडले आहेत.

भेट झाल्यावर मागे काय उरतं, ते बघायला पुन्हा किनाऱ्यावर येऊ. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या टेकडीवर निजामशहाने १५९० च्या दशकात किल्ला बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. त्या टेकडीच्या पायथ्याच्या गावात आजही काही शे ख्रिस्ती लोक एक वेगळी बोली बोलतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची घडण मराठीकडे झुकलेली. शतकानुशतकं मराठी गावांच्या शेजारी राहून ती टिकली.

टीव्हीसाठी आणि वेबमालिकांसाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकांना माझी विनंती आहे. १५०८ ची चौलची खाडी, मलिक अयाजचं पत्र, नगरच्या दरबारात औषधांची नावं लिहून घेणारा ओर्ता, वेढ्यात दारूच्या बदल्यात रसद सोडणारे सरदार, कोर्लईची बोली. अंतराळातल्या पहिल्या भेटीची चांगली मालिका लिहायला लागतं ते सगळं इथे आहे. ती लिहा, आणि तिच्यात भाषांतराचं यंत्र ठेवू नका. एक दुभाषी ठेवा.